यज्ञेशच्या वडिलांच्या गोळ्या

नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्या काशीच्या ब्रह्मा घाटावर माझ्या वयाच्या बायका अजून कचरतात. मी घेते. ढुंढिराज. वय अठ्ठावन्न, शुक्ल यजुर्वेदी वैदिक. सकाळी गंगेवर स्नान-संध्या, मग गल्लीच्या टोकाला पाठशाळा. तिथे अकरा मुलं शिकतात आणि त्या मुलांचा स्वयंपाक मी करते. सत्तावीस वर्षं असंच चाललं, बाहेर ओसरीवर यांचा पाठ आणि आत माझी चूल.

आमच्या शाखेत वेद नुसता तोंडाने म्हणत नाहीत. उजवा हात बरोबर चालावा लागतो. स्वर वर गेला की हात वर, उतरला की खाली, काही अक्षरांना बाजूला, काही ठिकाणी करंगळी सुटी बाहेर काढायची. हात चुकला तर म्हटलेलं पोचत नाही, असं इथे सगळेच मानतात. यांचा हात बघायला पुण्या-नाशकाहून माणसं यायची. मी सून म्हणून आले तेव्हा आठ दिवस यांचा चेहरा मी धड बघितला नव्हता, पण हात बघितला होता. माजघराच्या दारातून तेवढाच दिसायचा.

तो हात आता गेलाय. अंगावरून वारं गेलं नाही, अपघात झाला नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी गेला. आणि त्या गोळ्या रोज दोन्ही वेळा मी माझ्या हाताने यांच्या तळव्यावर ठेवल्या. कुणाला सांगितलं तर हसतात. काकू, व्हिटॅमिनने कधी कुणाचं काही बिघडतं का, म्हणतात. मीही असंच म्हणत होते, म्हणून फार रागावतासुद्धा येत नाही त्यांच्यावर.

सुरुवात तीन वर्षांपूर्वीच्या कार्तिकातली. यांच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. जिना उतरताना पाय अंदाजाने टाकायचे, जेवताना दोनदा म्हणाले, थकवा फार येतोय. मी मागे लागून कँटोन्मेंटकडे डॉक्टर देवयानींकडे घेऊन गेले. नागपूरच्या आहेत, नवरा रेल्वेत, म्हणून इकडे आल्या. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं बी-बारा फार कमी झालंय. ते मिळतं दूधदुभत्यातून नाहीतर मांस-मच्छीतून. तुम्ही दुसऱ्यातलं काही खाणार नाही आणि दूध घेता चहापुरतं. वर आठवड्याला दोन उपास."

इंजेक्शनं दिली, नंतर गोळी. खरं ते खरं सांगते, गुण आला. महाशिवरात्रीला हे पहाटे घाटाच्या पायऱ्या तरुण माणसासारखे उतरले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, तीन महिने गोळी, मग रक्त दाखवायला या. तोंडीही बजावलं होतं की मनाने दुसरं काही सुरू करू नका. आम्ही गेलोच नाही. बरं वाटायला लागल्यावर कँटोन्मेंटपर्यंत कोण जातं.

त्याच चैत्रात यज्ञेश आला. यज्ञेश म्हणजे आमचा यजमान, मूळचा पुण्याचा, वीस वर्षं अमेरिकेत. वडील त्याच्याकडेच वारले होते. त्यांचं वर्षश्राद्ध काशीत करायचं म्हणून बायकोला घेऊन आला. मुलगा चांगला आहे, हे मुद्दाम सांगते. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

वर्षश्राद्धाला दान देतात. छत्री, जोडे, तांब्या, पांघरूण, आणि गेलेल्या माणसाला आवडायचं, लागायचं असं काहीतरी. घेणाऱ्याने ते वापरलं की गेलेल्याला पोचतं. ते विकायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, टाकायचं तर नाहीच. कुणी रेडिओ देतं, कुणी तपकिरीची डबी. तपकिरीची डबी यांनी एकदा घेतली होती आणि तीन महिने शिंकत ती संपवली. असा माणूस.

यज्ञेशने छत्री-जोड्यांबरोबर चार मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या पाटावर ठेवल्या. म्हणाला, "गुरुजी, बाबा या रोज घ्यायचे. बी-कॉम्प्लेक्स आहे, नसांसाठी उत्तम. ते गेले आणि नव्या आणलेल्या तशाच राहिल्या. टाकवेनात. तुम्हालाही मध्यंतरी पायांचा त्रास झाला होता ना?" डोळे भरले होते त्याचे. यांनी हात पुढे केला, संकल्पाचं पाणी सोडलं गेलं आणि बाटल्या आमच्या झाल्या.

चार बाटल्या, एकेकीत अडीचशे गोळ्या. मागच्या बाजूला तारीख छापलेली, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत चालतील अशी. यांनी बोटांवर हिशेब केला. रोज एक घेतली तर अर्ध्याच संपतील आणि उरलेल्या टाकाव्या लागतील. रोज दोन घेतल्या तर बरोबर पुरतात. झालं, दोन ठरल्या. पंचांग बघून मुहूर्त काढणाऱ्या माणसाने औषधाचं प्रमाण तारखेवरून काढलं, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट काही वाया जाणार नाही म्हणून बरंच वाटलं.

सकाळी संध्या झाली की हे पाटावर बसूनच हात पुढे करायचे. मी गोळी ठेवायची. हे यज्ञेशच्या वडिलांचं नाव आणि गोत्र उच्चारायचे आणि मग गोळी गिळायचे. संध्याकाळी तेच. एक दिवस चुकला नाही. मी माहेरी इंदूरला गेले तेव्हा पुड्या बांधून, वर तिथी लिहून गेले. नेमाची इतकी पक्की मी आयुष्यात दुसऱ्या कशालाही नव्हते.

माघात मुंग्या परत सुरू झाल्या. पुन्हा पायांनाच. आम्हा दोघांनाही एकच वाटलं, जुनं दुखणं उलटलं, व्हिटॅमिन कमी पडतंय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोपीनाथचं दवाईचं दुकान आहे. त्याला मी विचारलं की हे अमेरिकेच्या गोळ्या घेतातच आहेत, तरी असं का. तो म्हणाला, "चाची, बी-कॉम्प्लेक्स है, जितना खाइए. जो फालतू होगा, पेशाब से निकल जाएगा." आणि नसांच्या ताकदीच्या लाल कॅप्सूल दिल्या, दिवसाला दोन. लघवी पिवळीधमक व्हायची, म्हणजे निघून जातंय हे डोळ्यांना दिसतच होतं. आम्ही निर्धास्त.

गोपीनाथला मी नंतर जाऊन खूप बोलले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. पण घरी येताना वाटलं, तो दहावी नापास, दुकानावर बसलेला पोरगा. मी बी.ए. झालेली आहे. बाटलीवरचं इंग्रजी मला वाचता येतं. तारीख वाचली होती मी, चष्मा लावून. तिच्याच शेजारी बारीक अक्षरात गोळीत काय किती आहे ते लिहिलं होतं, ते नाही वाचलं.

वैशाख-ज्येष्ठात दुखणं हातांपर्यंत आलं. आधी पोथीचं पान उलटताना दोन पानं एकदम उलटायची. मग जानव्याची गाठ बसेना. मी गाठ मारून द्यायला लागले तेव्हा हे म्हणाले, "वय झालं आता." संसाराच्या सदतीस-अडतीस वर्षांत या माणसाने वयाचं कारण कधी सांगितलं नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं. "ऑगस्टपर्यंत थांब," म्हणाले. "गोळ्या संपल्या की जाऊ. संकल्प अर्धवट नको." आणि मी थांबले. त्या माणसाला फरफटत न्यायला हवं होतं मी. नाही नेलं.

श्रावणात काशीनाथ गुरुजी पाठशाळेत आले. हे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. गुरुजी पंच्याऐंशीचे, एका डोळ्याने दिसतं, पण दर श्रावणात मुलांची परीक्षा तेच घेतात. मी आत भाताचं पातेलं उतरवत होते. ओसरीवर अकरा मुलं ओळीने बसली होती, पाठ सुरू झाला. पाच मिनिटं झाली असतील, गुरुजींनी हात वर करून थांबवलं. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा थांबवलं. मी दारात आले.

मलाही दिसलं. अकराच्या अकरा मुलांची करंगळी मिटलेली. जिथे ती सुटी बाहेर यायला हवी तिथे ती आत, आणि हात उतरताना मनगटाशी एक हिसका. सगळ्यांना एकच हिसका. एखादं पोर चुकलं असतं तर कान पिळला असता. पण मुलं जे बघत होती तेच शिकली होती. दोन-तीन महिने यांची करंगळी बाहेर येत नव्हती आणि यांना ते माहीतच नव्हतं, कारण हे पाठ डोळे मिटून सांगतात.

गुरुजींनी मुलांना जेवायला पाठवलं. मग यांना म्हणाले, "ढुंढिराज, एकट्याने म्हण." यांनी म्हटलं. आवाज तोच, चुकलेलं अक्षर नाही. हात मात्र झोपेतल्या माणसाचा असावा तसा. गुरुजींनी पूर्ण ऐकलं आणि हळूच म्हणाले, "उद्यापासून नरहर शिकवील. तू बस, विश्रांती घे." नरहर म्हणजे यांचाच शिष्य, तीस वर्षांचा. हे "बरं" म्हणाले. गुरुजींना नमस्कार करायला वाकले तेव्हा तोल गेला, नरहरने सावरलं.

दुसऱ्या दिवशी मी यांना विचारलं नाही, रिक्षा बोलावली आणि कँटोन्मेंटला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे मिटा गुरुजी." मग यांची करंगळी दोन बाजूंनी धरली आणि किंचित हलवली. "वर नेली की खाली?"

हे म्हणाले, "खाली."

वर नेली होती. पुन्हा विचारलं. पुन्हा चूक. चारदा विचारलं, तीनदा चूक. बोट वर आहे की खाली, हे सातव्या वर्षापासून ज्याने सांगितलं आणि पन्नास पोरांना शिकवलं, तो डोळे मिटून अंदाज करत होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"काय काय खाताय हल्ली?" त्यांनी विचारलं. मी पिशवीतून सगळं काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी बाटली फिरवली, वाचली, ठेवली. कॅप्सूलचं पाकीट वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काकू, हे किती दिवस?"

"सोळा महिने."

त्यांनी बाटलीवरच्या बारीक अक्षरांखाली बोट ठेवलं. मग सावकाश सांगितलं. पहिल्यांदा मुंग्या आल्या त्या बी-बारा कमी होतं म्हणून, तेव्हा औषध बरोबर होतं. या गोळ्यांत बी-सहा आहे. शरीराला दिवसाला लागतं दोनेक मिलिग्रॅम, ते जेवणातून मिळतं. या एका गोळीत शंभर आहे. दिवसाला दोन, वर या कॅप्सूल, त्यातही तेच. थोडे दिवस घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही. पण महिनोन्‌महिने इतकं घेतलं तर ज्या नसांसाठी घ्यायचं त्याच मरायला लागतात. सगळंच्या सगळं लघवीतून जात नाही. "आणि वाईट हे की लक्षणं तीच," त्या म्हणाल्या. "मुंग्या कमतरतेनेही येतात, जास्तीनेही येतात. म्हणून माणूस आणखी खातो. मला एकदा दाखवायला हवं होतं."

मी विचारलं, परत येईल का. म्हणाल्या, "आजपासून सगळं बंद. पाय सुधारतील बहुतेक. हाताचं वर्षभर वाट बघू. काही येईल, काही नाही येणार. खोटं नाही सांगत."

आणि यांनी काय विचारावं? "अजून अठ्ठावीस गोळ्या उरल्यात. तेवढ्या संपवल्या तर चालेल?"

मी तिथेच, त्या बाईसमोर, यांना वाटेल ते बोलले. त्या उरलेल्या गोळ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवून आले. घरी येऊन हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आणि अठ्ठावीस गोळ्यांसाठी चौदा दिवस एकभुक्त राहिले. दुसऱ्याच्या बापाचं दान अपुरं राहिलं म्हणून. स्वतःच्या हाताबद्दल एक शब्द काढला नाही. मला त्या मुक्या तोंडाचा इतका राग यायचा की भांडी आपटायचे.

पाय सुधारले खरे. मध्यंतरी धरलेली काठी दिवाळीला सुटली. हात तसाच. रोज सकाळी हे खिडकीशी बसून, डोळे उघडे ठेवून, स्वतःच्या करंगळीकडे बघत पाठ म्हणायचे. बघितलं की ती थोडी यायची. नजर हटली की मिटायची. आठ महिने मी ते बघितलं.

यंदाच्या चैत्रात यज्ञेश पुन्हा आला. मागच्या वर्षी जमलं नव्हतं, म्हणून यंदा वडिलांचं श्राद्ध नीट करायचं होतं. यांनी मला आदल्या दिवशीच बजावलं, "त्याला गोळ्यांचं काही सांगायचं नाही. श्रद्धेने दिलंय त्याने. त्याला कळलं तर बापाच्या नावाला तो डाग समजेल." मी काही कबूल केलं नाही, पण बोललेही नाही.

तो आला, पाया पडला. यांनी आशीर्वादाचा मंत्र म्हटला, सवयीने हात उचलला. यज्ञेश त्या हाताकडे बघत राहिला. मागच्या खेपेला याच हाताचा त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग फार नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका. तुमची तब्येत बरी दिसत नाही. बाबांचं कार्य आहे. तुम्हीच मला सांगितलं होतं, हात चुकला तर पोचत नाही. उद्या मंत्रांना दुसरं कुणी मिळेल का, ज्यांचा हात नीट चालतो?"

मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. वाटलं, बाहेर जावं आणि सांगावं, हा हात तुझ्या बापाने नेलाय. तेवढ्यात यांचा आवाज आला, शांत. "नरहर आहे. माझाच विद्यार्थी. हात फार स्वच्छ आहे त्याचा."

"आणि तुम्ही जेवायला बसाल ना, गुरुजी? बाबांच्या जागी तुम्हीच हवेत."

"बसेन की," हे म्हणाले.

मग यज्ञेशने पिशवीतून एक बाटली काढली. यंदा एकच आणली होती, जास्त ताकदीची. मी बाहेर आले आणि म्हणाले, "ती नको."

"का, काकू?"

यांनी माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की माझ्या तोंडात आलेलं सगळं मी गिळलं. "आमच्याकडे पुष्कळ आहेत अजून," मी म्हणाले. त्याने बाटली परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी नरहरने मंत्र म्हटले. हात सुरेख चालला त्याचा, खोटं कशाला बोलू. करंगळी जिथल्या तिथे. हे समोर पितरांच्या पानावर बसले होते, जेवायला. आयुष्यभर ज्याने म्हटलं, तो आता खाणारा झाला होता. श्राद्धाचं अन्न ऊन-ऊन वाढायचं असतं, वाफ निघत असते तोवरच पितर जेवतात म्हणतात, आणि जेवणाऱ्याने बोलायचं नसतं. मी चुलीवरची उकळती आमटी पळीने थेट यांच्या भातावर घातली. माझं लक्ष यज्ञेशकडे होतं, तो मोबाइलने नरहरचा हात टिपत होता. आतल्या आत जळत होते मी. यांनी भात कालवला आणि जेवले. आणखी आमटी मी वाढली, तीही कालवली.

जाताना यज्ञेश म्हणाला, "किती समाधानाने जेवले गुरुजी. बाबा नक्की तृप्त झाले." यांनी हसून मान डोलावली.

संध्याकाळी संध्येच्या वेळी मी यांच्या हातावर पाणी घालत होते तेव्हा बघितलं. तीन बोटांच्या टोकांना टरटरून फोड आलेले, एक फुटून कातडं लोंबत होतं. मी हात धरून ठेवला. तूप आणलं, लावायला लागले आणि रडायला लागले. यांना आधी कळेना मी का रडते. मग आपल्या हाताकडे बघितलं, उलटा-सुलटा करून, दिव्याजवळ नेऊन.

"भाजलंय," मी म्हणाले. "माझ्याच आमटीने."

हे डोळे मिटून थोडा वेळ बसले, काही जाणवतंय का ते बघत. मग मला विचारलं, "कुठल्या बोटाला?"